टाकी फुल्ल असली की गाडी शहाणी

कल्याणच्या मार्केटात माल उतरवून परत येताना माळशेज घाटाच्या अलीकडे, टोकावड्याच्या पुढून तात्यांचा फोन आला. "परत झोके घ्यायला लागली बघ." मागे इंजिनाचा आवाज ऐकू येत होता. घुंऽऽ... घुं. घुंऽऽ... घुं. कुणीतरी रेसवर पाय ठेवतंय आणि काढतंय असा. तात्या मात्र टपरीवर चहा घेत उभे होते आणि गाडी रस्त्याच्या कडेला एकटीच हा खेळ करत होती. बंद केली तर परत चालू होईल याची खात्री नाही, म्हणून चालूच ठेवलेली.

गाडी 2005 सालची. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, डिझेल मोजून देणारा मेकॅनिकल रोटरी पंप, ना कॉम्प्युटर ना सेन्सर. डॅशबोर्डवर आरपीएमचा काटासुद्धा नाही, कानानेच ओळखायचं. आम्ही ओतूरजवळचे, टोमॅटो, फ्लॉवर, कोथिंबीर असा घरचा आणि शेजारपाजारचा माल माळशेज घाट उतरून कल्याणला नेतो. गाडी चालवतात माझे चुलते, म्हणजे तात्या. हिशेब आणि दुरुस्ती माझ्याकडे. दुरुस्ती म्हणजे काय, तर मिस्त्रीकडे गाडी लावायची आणि पैसे द्यायचे, एवढंच त्या उन्हाळ्यापर्यंत मला माहीत होतं.

तक्रारी दोन होत्या, पण आम्ही त्या एकच समजत होतो. पहिली, गाडी स्लोला, म्हणजे रेसवर पाय न ठेवता इंजिन चालू ठेवून, उभी असताना थरथरायची. सीट हलायची, आरसा हलायचा, मागचे रिकामे क्रेट खडखड वाजायचे. एअर फिल्टरच्या डब्यावर काडेपेटी ठेवली तर ती मुंगीसारखी सरकत सरकत कडेला जाऊन खाली पडायची. दुसरी तक्रार म्हणजे हे झोके. पाय न लावता रेस वर जायची, खाली यायची, परत वर. मिस्त्री लोक याला हंटिंग म्हणतात. पहिली तक्रार रोजची होती, दुसरी कधी असायची, कधी नसायची. हा फरक पहिल्याच दिवशी नीट कागदावर लिहिला असता तर पुढचे दोन महिने वाचले असते. पण "गाडी स्लोला नीट चालत नाही" या एका वाक्यात आम्ही दोन्ही कोंबलं, आणि मिस्त्रीलाही तेच सांगितलं.

आळेफाट्याच्या मिस्त्रीने मार्चमध्ये, पहिल्या दिवशी, पंपावरचा स्लोचा स्क्रू अर्धा आटा आत घेतला. रेस चढली, थरथर कमी झाल्यासारखी वाटली, झोकेही लांबले. पाच मिनिटांचं काम, पैसे घेतले नाहीत. आता वाटतं, घेतले असते तर बरं झालं असतं, निदान मी त्याला विचारलं असतं की नक्की काय केलंस. स्लो वाढवणं म्हणजे ताप मोजायचं सोडून पांघरूण जाड करणं. चार दिवसांनी गाडी तिथेच आली, फक्त आता जरा मोठ्या आवाजात.

मग 14 एप्रिलला डिझेल फिल्टर बदलला. हँडपंप मारून डिझेलच्या लाइनमधली एअर काढली, सुरू केली, झोके गायब. मिस्त्री हसून म्हणाला, "फिल्टरच चोक होता." पटण्यासारखंच होतं. जुना फिल्टर कापून पाहिला तर आत काळा गाळ होता. पण आठवडाभरात झोके परत.

29 एप्रिलला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, सेट केले, इंजिन ज्यावर बसतं ते दोन फाउंडेशन रबर बदलले. रबरं खरंच गेली होती, एक तर पिळून निघालेल्या लिंबासारखं झालेलं. गाडी दोन दिवस छान. नंतर परत तेच.

या मधल्या काळात मी मोबाइलवर बघून बघून अर्धा मिस्त्री झालो होतो. त्यातले बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतल्या जुन्या पेट्रोल पिकअपचे निघाले. तिकडचा माणूस इंजिन चालू ठेवून इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या पाईपाच्या, जोडांवर स्प्रे मारतो, रेस बदलली की म्हणतो, सापडली गळती. मी पण आणला एक स्प्रेचा डबा आणि आमच्या इनटेकवर फवारत बसलो. काही म्हणजे काही होईना. कसं होणार? पेट्रोलच्या गाडीत थ्रॉटलची झडप हवा मोजून आत सोडते, पलीकडे पोकळी असते. तिथे कुठून चोरटी हवा शिरली की हिशेब बिघडतो. आमच्या डिझेलला ती झडपच नाही. हवा हवी तेवढी आत जाते आणि वेग ठरतो तो पंप किती डिझेल देतो त्यावर. डिझेलच्या गाडीलाही चोरटी हवा छळते, पण ती इनटेकमधून नाही, डिझेलमधून येते. हे वाक्य मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्याला जेवायला घातलं असतं. वर, गरम डिझेल इंजिनच्या इनटेकवर असला पेटणारा फवारा मारणं हा मूर्खपणा आहे. इंजिन तो गिळतं आणि हाताबाहेर रेस होऊ शकते. माझ्या बाबतीत झालं नाही, एवढंच.

मे महिन्यात थरथर वाढली. सकाळी चालू केल्यावर पांढरा धूर, डोळे चुरचुरणारा, अर्धवट जळलेल्या डिझेलच्या वासाचा. मिस्त्रीने जी परीक्षा घेतली ती मात्र मला फार आवडली. इंजिन स्लोला चालू, हातात 17 चा पाना, आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे जाणाऱ्या चार लोखंडी पाईपांचे नट एकेक करून जरासे ढिले करायचे. नट ढिला केला की त्या सिलिंडरला डिझेल पोचत नाही. सिलिंडर काम करत असेल तर इंजिन लगेच लंगडतं. पहिला ढिला केला, गाडी लंगडली. घट्ट केला, सावरली. दुसरा, तसंच. तिसरा ढिला केला आणि काहीच फरक नाही. चौथा, लंगडली. म्हणजे तिसरा आधीपासूनच आराम करत होता. पगार घेतो पण काम करत नाही, असा एक जण प्रत्येक ऑफिसात असतो म्हणतात.

ही परीक्षा फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांवरच करायची. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल गाड्यांत त्या पाईपांमध्ये हजार बारच्याही वर दाब जाऊ शकतो. तिथे चालू इंजिनवर नट ढिला केला तर डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. आमच्यावरही मिस्त्रीने नटावर जाड फडकं टाकलं होतं आणि हात लांब ठेवला होता.

चारही नोझल काढून आम्ही नारायणगावच्या डिझेल पंपवाल्याकडे नेले. दुकानावर पाटी वेगळीच आहे, पण सगळे त्याला मायकोवालाच म्हणतात. मायको कंपनीचं नाव 2008 मध्येच बॉश झालं, तरी आमच्याकडे डिझेल पंप म्हणजे मायकोच. पंपवाले काका साठीच्या पुढचे. त्यांनी पहिला नोझल टेस्टरला लावला आणि दांडा दाबला. दाबाचा काटा चढत चढत 200 बारच्या आसपास गेला आणि नोझलच्या टोकातून चर्र आवाज करत धुक्याचे पिसारे सुटले. बारीक, सरळ, सारखे. काका म्हणाले, "हा आवाज ऐक. नोझल बोलला पाहिजे." दुसरा बोलला. चौथाही बोलला. तिसरा लावला तर काटा 150 पण ओलांडेना आणि पिसाऱ्याऐवजी एका अंगाला धार. दांडा सोडल्यावर टोकाला डिझेलचा थेंब लटकून राहिला. नळ नीट बंद न केल्यासारखा. असा थेंब सिलिंडरमध्ये पडतो, जळत नाही, पांढरा धूर होऊन बाहेर येतो.

नोझल नवा टाकला, बाकीच्या तिघांचा दाब मिळवून घेतला, खालचे तांब्याचे वॉशर चारही नवे. जुने वॉशर परत टाकून पैसे वाचवायचा मोह होतो, पण ते एकदा दबले की दबले. 17 मे. गाडी चालू केली आणि मी एअर फिल्टरच्या डब्यावर काडेपेटी ठेवली. हलली नाही. तात्यांनी उचलून त्यातली काडी काढून बिडी पेटवली आणि परत ठेवली. तरी हलली नाही. त्या संध्याकाळी घरी आम्ही विषय संपला असं जाहीर केलं.

टोकावड्याचा तो फोन त्यानंतर चौथ्या दिवशीचा.

आता मात्र मला एक गोष्ट स्वच्छ कळली. थरथर गेली होती, ती परत आली नव्हती. झोके वेगळेच होते. एक सिलिंडर काम करत नसेल तर इंजिन लंगडतं, पण एका ठेक्यात लंगडतं, कारण तो सिलिंडर आपल्या प्रत्येक पाळीला चुकतो. आमचे झोके तसे नव्हते. दोन-अडीच सेकंदांत एक, चारही सिलिंडर मिळून वर, चारही मिळून खाली. म्हणजे दोष कुठल्या एका नोझलचा नाही, चौघांना जिथून डिझेल मिळतं तिथला.

परत काकांकडे गेलो. त्यांनी पंप उतरवून पूर्ण खोलायचा अंदाज सांगितला: 18,000. सील किट, घासलेले भाग, कॅलिब्रेशन, टायमिंग. टोमॅटोला तेव्हा जो भाव होता त्यात हा आकडा ऐकून माझं तोंड उतरलं असणार, कारण काकांनी बाहेर बाकड्यावर बसवून चहा मागवला आणि म्हणाले, "पंप खोलायला मी बसलोच आहे. पण माझा धंदा बुडवून सांगतो. आधी टाकीऐवजी डबा लावून बघ."

आणि मग त्यांनी चहाच्या कपावर बोट फिरवत झोक्यांचं गणित सांगितलं. पंपाच्या पोटात गव्हर्नर असतो. त्याची वजनं इंजिनाच्या वेगाबरोबर फिरतात, आणि वेग वाढला की बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात. वेग घटला की आत येतात, डिझेल वाढवतात. स्लोला इंजिन एका जागी राहतं ते या रस्सीखेचीमुळे. आता डिझेलबरोबर हवेचा बुडबुडा आला, तर तेवढा वेळ सिलिंडरला उपाशी ठेवतो. वेग पडतो. गव्हर्नर घाबरून डिझेल वाढवतो. तेवढ्यात बुडबुडा निघून गेलेला असतो, चांगलं डिझेल आलेलं असतं, आणि ते जास्त होतं. वेग उसळतो. गव्हर्नर परत कमी करतो. मागून पुढचा बुडबुडा तयारच. "गव्हर्नर बिचारा आपलं काम करतोय," काका म्हणाले, "आणि लोक त्यालाच खोलतात." शिवाय असा पंप आतून वंगण घेतो तेही डिझेलचंच. हवा खात राहिला तर महिना-दोन महिन्यांत खरोखर खोलायची वेळ येईल, हेही त्यांनी बजावलं.

हवा कुठून येते याबद्दल त्यांचं एक वाक्य मी घरी येऊन वहीत लिहिलं: दाबाच्या बाजूला गळती असली तर डिझेल बाहेर येतं, ओढीच्या बाजूला असली तर हवा आत जाते. आमच्या पंपाला वेगळा फीड पंप नाही, तो पोटातल्या व्हेन पंपानेच टाकीतून डिझेल ओढतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंत सगळी ओढीची बाजू. तिथे कितीही फट असो, खाली थेंब सांडणार नाही. आम्ही दोन महिने गाडीखाली वाकून ओला डाग शोधत होतो.

वहीत ते वाक्य लिहायला गेलो आणि शेजारी तात्यांची डिझेलची वही होती. ती नुसती समोर पडली होती म्हणून उघडली. तात्या रोज लिहितात, तारीख आणि रुपये. एरवी 2,000 चं टाकतात, म्हणजे जेमतेम 22 लिटर, त्यामुळे काटा कायम अर्ध्याच्या खालीच खेळत असतो. पण चार ओळी वेगळ्या होत्या. 14 एप्रिल, टाकी फुल्ल. 29 एप्रिल, टाकी फुल्ल. 17 मे, टाकी फुल्ल. चौथी ओळ मधल्या एका लग्नाची, पाहुण्यांना घेऊन पुण्याला जाताना भरलेली.

तीनही तारखा दुरुस्तीच्या. गाडी मिस्त्रीकडून आली की तात्या टाकी भरून घ्यायचे. त्यांची पद्धतच ती, "दवाखान्यातून आलेल्या जनावराला पोटभर पाजावं." आणि गेले दोन महिने हेच तात्या दर दोन दिवसांनी आम्हाला सांगत होते, "टाकी फुल्ल असली की गाडी शहाणी असते." मी हसायचो. घरचे हसायचे. मिस्त्री तर म्हणाला होता, "तात्या, मग लिंबू-मिरची पण बांधा." आम्हाला ते खुळ वाटलं होतं.

मी आकडे मांडले. टाकी 60 लिटरची. कल्याणची एक फेरी जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, लोडला 11 चा ॲव्हरेज धरला तर 20 लिटर. फुल्ल टाकी घेऊन पहिली फेरी: 60 वरून 40. सुखाची. दुसरी फेरी जाताना 40 वरून 30. सुखाची. दुसरी फेरी येताना 30 च्या खाली, आणि समोर माळशेजचा चढ. दर वेळी गाडी इथेच बिघडली होती. फिल्टर, टॅपेट, नोझल, प्रत्येक दुरुस्ती दीड फेरी टिकली होती. बरोबर दीड. म्हणजे झोक्यांपुरतं बोलायचं तर ना फिल्टरने गुण दिला होता, ना टॅपेटने. गुण डिझेलच्या पातळीने दिला होता, आणि श्रेय ज्या दिवशी जे बदललं त्याला मिळत गेलं. लग्नाच्या वेळी तर काहीच न बदलता गाडी दोन दिवस नीट चालली होती, पण तेव्हा कोण लक्ष देतंय.

दुसऱ्या दिवशी अंगणातच कामाला लागलो. टाकी मुद्दाम पाव ठेवली. गाडी चालू केली, दहा मिनिटांत झोके सुरू. आता डबा. पाच लिटरचा ऑइलचा डबा रॉकेलने धुऊन, वाळवून, त्यात गाळलेलं डिझेल. फिल्टरला टाकीकडून येणारा पाईप सोडला, त्या जागी डब्यातून आलेला नवा होज लावला. पंपाकडून टाकीत परत जाणारा रिटर्नचा पाईपही डब्यातच सोडला. हे विसरायचं नाही, असा पंप बरंच डिझेल परत पाठवतो आणि डबा बघता बघता रिकामा होऊन टाकी भरते. हँडपंप मारला, एअर काढली, चालू.

डबा आधी बॉनेटच्या उंचीवर लटकवला होता. गाडी शांत. पण ती परीक्षा अर्धीच, कारण डबा वर असला की डिझेल आपल्या वजनानेच खाली येतं, ओढावं लागत नाही. मग डबा जमिनीवर ठेवला, टाकीपेक्षाही खाली. पंपाला आता खरी ओढ घ्यावी लागणार. अर्धा तास चालू ठेवली. एक झोका नाही. म्हणजे पंप ओढतोय, फिल्टरचं डोकं, हँडपंप, तिथले वॉशर, सगळं ठीक. 18,000 वाचले हे मला त्या अर्ध्या तासात कळलं, आणि मी उगाचच गाडी धुऊन टाकली.

उरला टाकी ते फिल्टर हा मार्ग. मेडिकलमधून नाही, हार्डवेअरमधून पारदर्शक नळी आणली, हातभर. टाकीची लाइन परत जोडली आणि फिल्टरच्या तोंडाशी ही नळी मध्ये घातली. चालू केल्यावर पाहिलं तर पिवळसर डिझेलमध्ये साबुदाण्याएवढे बुडबुडे, एकामागे एक, मधेच चार-पाचांचा गठ्ठा. गठ्ठा नळीतून पुढे गेला की मनात तीन मोजायचे, आणि रेस पडायची. पडायचीच. मुलं जमली, त्यांनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, घुं! 

नळी मागे मागे नेत गेलो. पाणी वेगळं करणाऱ्या बाउलच्या पुढे लावली, बुडबुडे. बाउलच्या मागे लावली, बुडबुडे. चासीवरच्या लोखंडी पाईपच्या आधी, थेट टाकीच्या तोंडाशी लावली, तरी बुडबुडे. मला वाटत होतं चासीच्या पट्टीखाली कुठेतरी गंजून भोक पडलं असेल. पण टाकीतून निघतानाच डिझेलमध्ये हवा होती. मग त्याच ठिकाणी नळी ठेवून टाकीत 20 लिटर ओतलं. काटा अर्ध्याच्या वर सरकला आणि नळी काचेसारखी स्वच्छ. तात्या काही बोलले नाहीत. नळीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

टाकी उतरवली. आधी डिझेल कॅनमध्ये काढलं, बॅटरी सोडली, तात्यांची बिडी वीस पावलं लांब ठेवली. वरची गोल प्लेट, स्क्रू सहा, खाली सडलेलं पॅकिंग. प्लेटला काट्याचा फ्लोट आणि डिझेल ओढणारा सक्शन पाईप एकत्रच. पाईप वरून तळापर्यंत जातो, तळाशी जाळी. जाळी बरी होती. पाईपच्या मधोमध फ्लोटचा कंस डाखलेला. तो कंस हाताने हलत होता, आणि डाखलेल्या जागेच्या खाली केसासारखी रेघ दिसत होती. गंज असेल असं वाटलं. अंगठ्याने पाईपचं खालचं तोंड दाबून धरलं, पाईप बादलीतल्या पाण्यात बुडवला आणि वरच्या तोंडाने फुंकलं. जिभेवर डिझेलची चव दोन दिवस राहिली. कंसाखालून बुडबुड्यांची माळ निघाली.

बरोबर अर्ध्या उंचीवर. डिझेल चिरेच्या वर असेल तर चिरेतूनही डिझेलच जाणार, कुणाला पत्ता लागणार नाही. पातळी चिरेच्या खाली गेली की तिथून हवा. एवढीशी चीर, त्यामुळे इंजिन बंद पडेल इतकी हवा नाही, झोके घेईल इतकीच. घाटात गाडीचं नाक वर, पाईप टाकीच्या पुढच्या अंगाला, डिझेल मागे सरकतं आणि चीर लवकर उघडी पडते. सकाळी हँडपंपाचे वीस-पंचवीस दणके मारल्याशिवाय गाडी चालू होत नव्हती तेही यामुळेच. रात्रभर लाइनमधलं डिझेल चिरेतून हवा घेत टाकीत उतरून जायचं.

नारायणगावला रेडिएटर दुरुस्तीवाल्याकडे नुसता पाईप नेला, टाकी नाही. डिझेलच्या टाकीला, रिकामी असली तरी, घरगुती वेल्डिंगवाल्याने हात लावू नये, आत वाफ असते. त्याने पाईप धुऊन, घासून पितळेचा टाका मारला, कंसालाही नीट आधार दिला. 150 रुपये. परत बादली, परत फुंकर. माळ बंद. नवं पॅकिंग, नवे वॉशर, टाकीजवळचा कडक झालेला होज बदलला, आणि टाकीत फक्त 30 लिटर टाकलं.

"फुल्ल करू का?" तात्यांनी सवयीने विचारलं.

"आज नाही. आज अर्धीवर जायचं."

मीही बरोबर गेलो, मागे पाच लिटरचा कॅन ठेवून, कारण छातीत तेवढा दम नव्हता. जून लागला होता, परतताना घाटात पाऊस आणि धुकं. काटा पावाच्या खाली. मढच्या अलीकडे टपरीशी तात्यांनी गाडी थांबवली, बंद केली, चहा सांगितला. चहा संपल्यावर चावी फिरवली. पहिल्या झटक्यात चालू. बॉनेट उघडून मी काडेपेटी एअर फिल्टरच्या डब्यावर ठेवली. तात्या डोकं एका बाजूला कलवून बराच वेळ ऐकत राहिले.

"नीट आहे," ते म्हणाले. "पण स्लो लई ठेवलाय त्या मिस्त्रीने. उगा डिझेल पितीय."

सीटखालून पाना काढला आणि मार्चमध्ये आत घेतलेला अर्धा आटा मी तिथेच पावसात बाहेर घेतला.